तयारीचा शनिवार

पाळकसाहेब खैरवाडीच्या ख्रिस्ती मंडळीकडं वर्षातून चारदा यायचे. परभणीहून जिंतूरपर्यंत एसटीनं आणि पुढं कुणाच्या तरी बैलगाडीनं. ते येणार त्या रविवारी प्रभुभोजन असायचं, येशूच्या आठवणीत भाकर मोडायची आणि द्राक्षारस घ्यायचा, आणि आदल्या शनिवारी बायांची तयारीची बैठक. त्या बैठकीला एक रीत होती. ज्यांचं बिनसलं असेल त्यांनी उठायचं आणि धाकटीनं थोरलीपुढं वाकून 'माफ करा' म्हणायचं. थोरलीनं डोक्यावर हात ठेवला की भांडण मिटलं. मनातलं मिटो न मिटो, उद्याच्या ताटापुरतं मिटलं. ज्यांचं मिटलं नाही त्यांनी रविवारी भाकरीचं ताट आलं की हात न लावता पुढं सरकवायचं.

सरजाबाईची धाकटी सून कुसुम पाच वर्षं ताट पुढं सरकवत आली होती.

अठ्ठ्याहत्तरच्या त्या शनिवारी सकाळी सरजाबाई ओसरीत मनुका निवडत बसली होती. खैरवाडीच्या मंडळीत द्राक्षारस म्हणजे रात्रभर भिजवलेल्या मनुकांचं गाळलेलं पाणी, आणि ते काम तिच्याकडंच असायचं. चार मनुका निवडल्या की तिला दम लागत होता. जिंतूरच्या डॉक्टरनं हृदय सुजलंय म्हणून सांगितलं होतं आणि थोरल्या लेकाला बाजूला घेऊन आणखी काहीतरी सांगितलं होतं. ते तिला कुणी कळवलं नव्हतं, पण गंगाखेडहून लेक न बोलावता आली तेव्हाच ती काय ते समजली. म्हणजे पुढच्या प्रभुभोजनाचा काही भरवसा नव्हता. मरायच्या आधी एकदा सुनेच्या शेजारी बसून तिच्यासंगं भाकर मोडायची, एवढंच आता तिच्या मनात राहिलं होतं.

"माय, आज काय बी करून कुसुमला वाकाय लाव," थोरला लेक लिंबाजी म्हणाला. तो खांबाला टेकून दाढी करत होता. "उद्या उपासनेनंतर मंडळीचे पंच निवडायचे हायती. ज्या घरात पाच वर्षं झाली ताट सरकायलंय, त्या घरचा माणूस पंच कसा करावा, आसं मंडळी इचारायलीय."

"मंडळी म्हंजी कोण? वैनीच की," गंगाखेडहून आलेली पंचफुला चुलीपासून बोलली. वैनी म्हणजे लिंबाजीची बायको कमलबाई. ती पाण्याला गेली होती, म्हणून पंचफुलाचा आवाज जरा मोकळा होता.

"तू मधी बोलू नगंस. तुज्या सासरी हाय का आसली रीत?"

"न्हाई. आमी बौद्ध झालो तवापसून कुणापुडं वाकायचं सोडलं." तिनं तव्यावर भाकर टाकली. लग्नाच्या आधी हीच पंचफुला मंडळीत सगळ्यांत मोठ्यानं गीतं म्हणायची. "आन दादा, तुमचा येशू तर म्हणं सोत्ता खाली बसून लोकाचे पाय धुवायचा. मग त्याच्या मंडळीत धाकटीनंच कामून वाकायचं?"

"मास्तर नवऱ्याच्या घरी राहून लय शिकलीस," एवढं म्हणून लिंबाजीनं वस्तरा पुसला.

कुसुम आतून गरम तेलाची वाटी घेऊन आली तसे दोघं गप्प झाले. ती सासूच्या मागं बसली, लुगडं जरा सैल केलं आणि पाठीला तेल चोळू लागली. रोज सकाळी असंच. रात्री खोकल्याची उबळ आली की हीच उठवून बसवायची. पाच वर्षांत एक वाकडा शब्द नाही. तिनं भांडण केलं असतं, ताट आपटलं असतं, तर सरजाबाईला सोपं गेलं असतं.

"कुसुम," ती हळूच म्हणाली, "आज बैठकीला बसशील न्हवं?"

"बसंन की. घरातच तर हाय."

"तसं न्हाई म्हनत मी."

कुसुमचा हात क्षणभर थांबला. "कळलं, आत्याबाई," ती म्हणाली आणि पुन्हा चोळू लागली.

सून ताट का सरकवते हे लोकांना ठाऊक नव्हतं. सरजाबाईला ठाऊक होतं, किंवा तिला तसं वाटत होतं.

पाच वर्षांपूर्वीच्या दुष्काळात येलदरीच्या वाटेवर खडीचं काम निघालं होतं. कुसुम खडी फोडायची. सरजाबाईला वयामुळं लेकरं सांभाळायचं काम मिळालं. बाभळीखाली नऊ झोळ्या टांगलेल्या. बाकीच्या आया लेकरू दिवसभर झोपावं म्हणून सकाळी त्याला अफूचा मोहरीएवढा कण चाटवायच्या आणि झोळीत टाकताना सांगायच्या, "मावशी, दिलीया बरं का." म्हणजे चुकून दुसऱ्यांदा कुणी देऊ नये. पण सरजाबाईचं घर मिशनचं. मिशनच्या घरात अफूला बंदी होती आणि त्या बंदीसाठी सरजाबाईनंच मंडळीतल्या कितीतरी पोरींना दम भरला होता. तिचा नातू दानिएल सात महिन्यांचा होता. चैतातल्या एका दुपारी तो उठला आणि रडू लागला. त्या दिवशी मुकादमानं कुसुमला पाजायला सोडलंच नव्हतं, आणि खडीच्या आवाजात तिला रडणं ऐकूही गेलं नाही. दान्याच्या रडण्यानं एकेक झोळी जागी व्हायला लागली. सरजाबाईनं इकडंतिकडं बघितलं, कुणाची तरी अफूची डबी उघडली आणि एक कण त्याला चाटवला. मोहरीएवढाच.

संध्याकाळी कुसुम आली तेव्हा झोळीतलं लेकरू थंड पडलं होतं.

कुणी काही विचारलं नाही. त्या साली लेकरं अशीच जात होती. पण कुसुम झोळीशी उभी राहिली तेव्हा डबी उघडीच पडलेली होती आणि तिची नजर त्या डबीवर होती. ती एक नजर सरजाबाईनं पाच वर्षं सांभाळली. दान्यामागं घरात पाळणा हलला नाही. त्याचं नावही कुणी काढत नव्हतं. कुसुमचा नवरा पंडित येलदरीच्या वीजघरात नोकरीला लागला आणि जादा पाळ्या मागून घेऊ लागला.

ऊन कलल्यावर बाया जमल्या. आठ-दहा जणी, ओसरीत घोंगडीवर. एरवी बैठक मिशनच्या देवळात व्हायची, पण सरजाबाईला चालवत नव्हतं. चांगुणाबाई जिंतूरहून आली होती. मंडळीची बायबलबाई, म्हणजे बायांना बायबल शिकवणारी ती, सत्तरीची, एका डोळ्यानं अधू. दहाव्या वर्षी विधवा झालेली, चाळिशीत वाचायला शिकलेली. ती पुस्तक मांडीवर उघडं ठेवायची, पण गोष्ट मात्र तोंडानंच सांगायची.

"बारा वर्षं एका बाईच्या अंगावरून जायचं," ती सांगू लागली. "वैद झाले, हकीम झाले. मग तिनं गर्दीत मागून येऊन येशूच्या कपड्याच्या काठाला हात लावला आन जागच्या जागी बरी झाली. बरी झाली न्हवं? मग जाऊ द्यायचं की तिला घरी. पर ह्यो थांबला. म्हणला, मला कुणी हात लावला? सांगा बरं, कामून थांबला?"

तिनं एकेकीच्या तोंडाकडं बघितलं.

"तिचं अंग बरं झालं व्हतं. पर बारा वर्षं कुणी तिला शिवत नव्हतं, आन ती कुणाला सांगत नव्हती, त्याचं काय? ती थरथर कापत पुडं आली आन तिनं समदं सांगितलं. समद्या लोकामधी. त्यानं मधी तोंड घातलं न्हाई. तिचं संपस्तोर ऐकलं. आन मग म्हणला, लेकी, आता सुखानं जा." चांगुणाबाईनं पुस्तक मिटलं. "मला वाटतंय, तवा बरी झाली ती. आता कुणाचं काय आसंल तर उठा बायांनो."

आधी दोघी जणी उठल्या. एकीच्या कोंबडीनं दुसरीच्या वाफ्यातली मेथी उकरली होती.

"माफ करा, मावशी."

"केली. पर कोंबडीला सांग."

बाया हसल्या. हसू विरलं आणि सगळ्यांच्या नजरा कुसुमकडं गेल्या. कमलबाईनं तिला कोपरानं ढोसलं. "जाय की. का अजून पाच वर्षं लावतीस?"

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पंचफुला बसली होती. "कुसुमवैनी, मनात नसंल तर उठू नगंस," ती तिथूनच म्हणाली.

कुसुम उठली. सासूच्या पुढं येऊन उभी राहिली. सरजाबाईनं हात वर करून तयारच ठेवला होता. पण कुसुम वाकली नाही.

"माजं आत्याबाईसंगं काई भांडण न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज इतका साधा होता की मागच्या बायांना कान द्यावा लागला. "तुमाला समद्यांला वाटायलंय मी रुसलेय. मी रुसलेली न्हाई. माज्या हातानं माजं लेकरू गेलं. म्हणून मी ताटाला हात लावीत न्हाई."

"आसं काय बोलायलीस," कमलबाई म्हणाली.

"खरं बोलायलेय. मी दोनदा पाजाय जायचे म्हणून मुकादमानं माजी अर्धीच हजेरी लावली व्हती. त्या दिशी सकाळी मी शेजारणीकून अफूचा कण मागून आणला आन दान्याला चाटविला. मिशनच्या घरची मी. कुणाला सांगणार? आत्याबाईला तर सांगायची सोयच नव्हती. झोळीत टाकला तवाच त्याचे डोळे मिटायले व्हते." ती थांबली. "मग ते उघडलेच न्हाईत."

एकीनं पदर तोंडाला लावला.

सरजाबाईच्या छातीवरून कुणीतरी धोंडा उचलावा तसं झालं. सुनेला काहीच माहीत नव्हतं. त्या नजरेत डबी नव्हती, तिचं स्वतःचं पाप होतं. पाच वर्षांत पहिल्यांदा सरजाबाईला पुरता श्वास घेता आला, आणि तो घेतल्याची तिला लागलीच शरम वाटली. आता फक्त हात खाली आणायचा होता. सुनेच्या डोक्यावर ठेवायचा आणि 'जाऊ दे पोरी' म्हणायचं. उद्या दोघी शेजारी बसतील, लेक पंच होईल, आणि हिवाळ्याच्या आत तिची माती झाली की मागं कुणी विचारणारही नाही.

"देवानं दिलं, देवानं नेलं," कमलबाई कुसुमच्या पाठीवरून हात फिरवत होती. दारात लिंबाजी खाकरला. "झालं गेलं ते झालं. चांगुणाबाई, प्रार्थना करून उरकून घ्या."

"लिंबाजी, बायांची बैठक हाय. तुमी बाहीर बसा," चांगुणाबाई म्हणाली.

'उघडलेच न्हाईत.' सरजाबाईच्या कानात तेवढंच घुमत होतं. उघडले होते. ते बघणारं माणूस अख्ख्या जगात एकच होतं.

"उघडले व्हते," ती म्हणाली.

कुसुमनं वर बघितलं.

"तुजा कण उतरला व्हता, कुसुम. दुपारी उठला व्हता त्यो. लय रडायला. तुला येऊ देत नव्हते." तिला दम लागला. ती थांबली, पण चांगुणाबाईनं हात करून बाकीच्यांना गप्प बसवलं. "मी दिला त्याला. दुसरा. तू दिलेला मला ठाव नव्हतं. मिशनचं घर म्हणून तू मला सांगितलं न्हाई, आन मी बी कुणाला सांगितलं न्हाई. त्याच्यावर त्यो उठला न्हाई. तुज्या हातानं न्हाई गेला. माज्या."

कुसुम वळली आणि बायांच्या मधून वाट काढत परसात निघून गेली.

मग सगळेच बोलू लागले. पंचफुला उंबऱ्यावरून उठून आत आली. "माय, पाच वर्षं? ती तुजी पाठ चोळायलीय रोज, आन तू गप्प बसलीस?"

"हे ह्या भिंतीच्या बाहीर जाता कामा न्हाई," लिंबाजी पुन्हा दारात आला होता. "अफूसाठी तूच लोकाच्या पोरींना मंडळीपुडं उभं करायचीस, माय. उद्या मी कोणत्या तोंडानं पाळकसाहेबापुडं बसू?"

"तुजं तोंड ऱ्हाऊ दे," पंचफुला म्हणाली, "पर मायनं केलं ते लय वाईट केलं."

सकाळपासून एकमेकांना खाणारे बहीण-भाऊ आता एका बाजूला उभे होते. सरजाबाईनं दोघांकडंही बघितलं नाही. कुणीतरी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. ती कमलबाई होती. "पाणी प्या आदुगर," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडं वळून, "तुमी बाहीर बसा म्हणलं न्हवं बाईनं."

"चांगुणाबाई," सरजाबाई पाणी पिऊन म्हणाली, "उद्या मी ताटाला हात लावणार न्हाई."

"कामून?"

"तेवढ्या लायकीची ऱ्हायले न्हाई मी."

"त्ये ताट चांगल्या माणसासाठी आसतं तर पाळकसाहेबानं एकट्यानंच खाल्लं आसतं. आन त्यांच्याबी घशात अडकलं आसतं." चांगुणाबाई जवळ सरकली. "उद्याचं उद्या. आता उठून परसात जावा."

"ती मला माफ करंल?"

"त्यासाठी नगा जाऊ. तिनं तुमचं अजून पुरतं ऐकलं न्हाई, आन तुमी तिचं ऐकलं न्हाई. त्यासाठी जावा. तिचं संपस्तोर मधी बोलू नगा."

परस वीस पावलांवर होतं. सरजाबाईला तीनदा भिंत धरून थांबावं लागलं. पंचफुला हात द्यायला पुढं आली, तिला तिनं मागं सारलं.

कुसुम कडब्याच्या गंजीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. सासूला बघून तिनं तोंड फिरवलं.

"मला वाटायचं मी त्याला झोपीत मारलं," ती गंजीकडं बघत म्हणाली. "तुमच्या पाठीला तेल लावताना वाटायचं, ह्यांना कळलं तर ह्या मला घरात ठिवायच्या न्हाईत. पंडितला सांगितलं न्हाई. देवाला सांगितलं न्हाई. प्रार्थनेला डोळे मिटायचे आन दुसरंच काईबाई मागायचे, पाऊस, तुमची तब्येत. मला वाटायचं त्यानं माज्याकडं पाठ केलीया. पाच वर्षं, आत्याबाई. तुमी एक शब्द बोलला आसता तर."

सरजाबाईला सांगायचं होतं की मला वाटलं तुला ठाऊक आहे. ती बोलली नाही.

"बाजारात कुणाचं लेकरू दिसलं की मी रस्ता बदलायचे. पंचफुलाच्या लेकराच्या बारशाला आले न्हाई, ती अजून बोलून दावती. तुमी पदराखाली झाकून ठिवलं आन मी उघड्यावर जळायले." तिचा आवाज आता चढला होता. ओसरीतल्या बायांना ऐकू गेलं असेल. जाऊ द्या, असं सरजाबाईला वाटलं. "बोला की आता. कामून गप्प हाव?"

"माफ कर, पोरी." सरजाबाई वाकायला गेली. धाकटीपुढं वाकायची तिच्या अंगाला सवय नव्हती, आणि दमही पुरला नाही. निम्म्यातच तिचा तोल गेला. कुसुमनं उठून तिला काखेत धरलं.

"वाकू नगा. पडचाल. बसा हितं."

दोघी कडब्यावर बसल्या. सरजाबाईचा श्वास जागेवर यायला वेळ लागला, आणि तोवर कुसुमचा हात तिच्या पाठीवर होता. सवयीनं असेल.

"दोन कण व्हते, आत्याबाई," कुसुम म्हणाली. "समदं तुमी घेऊन जाऊ नगा. निम्मं माजं हाय."

"तुजा उतरला व्हता."

"कोण सांगावं. चांगुणाबाईच्या त्या बाईवानी मी आज समदं सांगितलं. आता ते परत आत घालायचं न्हाई मला. तुमचं बी न्हाई आन माजं बी न्हाई." तिनं डोळे पुसले. "दानिएल," ती म्हणाली. पाच वर्षांत त्या घरात हे नाव असं पुरं कुणी उच्चारलं नव्हतं. "देवा, माजा दानिएल तुज्याकडं हाय. मी तुला सांगितलं न्हाई, पर तुला ठाव व्हतं."

"आमेन," सरजाबाई म्हणाली.

आतून बायांचं गीत सुरू झालं. कुणीतरी भलत्याच पट्टीत उचललं होतं, आणि मग उंबऱ्याच्या बाजूनं एक मोठा आवाज येऊन त्यानं ते जागेवर आणलं. पंचफुलाचा आवाज होता तो. दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

"उद्या मी तुमच्या शेजारी बसते," कुसुम म्हणाली. "ताट आलं की तुमी घ्या, मग मी घेते. राग गेलाय आसं समजू नगा."

"न्हाई समजत."

कुसुम कडब्याची एक काडी घेऊन तिचे तुकडे करत राहिली. मग तिनं विचारलं, "उठला तवा नुस्ता रडायलाच व्हता का?"

"आदुगर रडला. मग मी उचलून घेतला तसा गप झाला. माजं बोट धरलं आन तोंडात घातलं. चावला मला."

"चावला?"

"दात आला व्हता की त्याला."

कुसुमच्या हातातली काडी खाली पडली. "सकाळी पाजला तवा न्हाई लागला मला."

"त्याच दिशी वर आला आसंल. खालचा. तांदळाच्या कणीएवढा, पर टोकदार. मी म्हणलं, अरे बाबा, तुज्या मायला दावू दे सांजच्याला."

"कुठं लागला?"

सरजाबाईनं उजव्या हाताची तर्जनी पुढं केली आणि पेराखालची जागा दाखवली. तिथं काहीच नव्हतं, नुसती सुरकुतलेली कातडी. कुसुमनं ते बोट दोन्ही हातांत घेतलं, उन्हाच्या बाजूला वळवलं आणि ती किती तरी वेळ तिथं बघत राहिली.